शांततेचं वेळापत्रक : मिनियापोलिस, होह आणि हालेआकाला, आठ दिवसांत

पृथ्वीवरची सगळ्यात शांत जागा कोणती, या प्रश्नाची तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही खरी आहेत, कारण प्रत्येक उत्तर शांतता वेगळ्या मापाने मोजतं. माणसाने बांधलेल्या जागांमध्ये मान मिनियापोलिसमधल्या एका खोलीचा. उघड्या आकाशाखाली, निव्वळ डेसिबल मोजले तर हवाईतल्या माउई बेटावरच्या हालेआकाला ज्वालामुखीचं खोरं. आणि यंत्राचा आवाज मध्ये न येता रान ऐकू येणं यालाच शांतता म्हणायचं ठरवलं, तर वॉशिंग्टन राज्यातलं होहचं वर्षावन. तिन्ही ठिकाणं अमेरिकेतच आहेत आणि पश्चिमेकडे सरकत गेलं की एकामागून एक येतात.

नकाशावर ठिकाण सापडलं म्हणजे शांतता सापडली असं होत नाही. होहचं तेच रान बुधवारी दुपारी लढाऊ विमानांखाली असतं आणि रविवारी पहाटे कोऱ्या कागदासारखं असतं. म्हणून या फेरीत वार आणि तास आधी ठरवायचे, विमानाची तिकिटं मागाहून. सुरुवात गुरुवारी, महिना सप्टेंबर, तोही मध्यावर. होहला वर्षाला सुमारे १४० इंच, म्हणजे साडेतीन मीटर पाऊस पडतो. त्यातला बराचसा हिवाळ्याच्या पदरात जातो. पाऊस थांबल्यावरही झाडांवरून तासन्तास ठिबकत राहतं. उन्हाळा कोरडा असतो, पण माणसांनी भरलेला. सप्टेंबरच्या मध्यात गर्दी ओसरते, कोरडे दिवस अजून मिळतात आणि एल्क या मोठ्या हरणाच्या नरांचा माजाचा काळ सुरू झालेला असतो.

सामानाबद्दल एकच नियम: ज्याचा आवाज होतो ते घरी ठेवायचं. शांत जागी सगळ्यात मोठा गोंगाट आपल्याच अंगावरच्या कपड्यांचा असतो. नायलॉनचं जाकीट हात हलवला की खसखसतं, वेल्क्रो तर फाडल्यासारखं ऐकू येतं. लोकर, फ्लीस आणि मऊ सुती कापड चालतं. पावसाचं जाकीट लागतंच, पण ते पिशवीत ठेवायचं. अर्धी भरलेली बाटली डुचमळते, म्हणून दोन मोठ्या बाटल्यांपेक्षा चार लहान घ्याव्यात आणि एकेक पूर्ण संपवावी. काट्यांचं घड्याळ, खिशातल्या किल्ल्या आणि खटका असलेलं पेन नको. वही, पेन्सिल आणि आवाज बंद करता येणारं स्टॉपवॉच हवं. फोमचे कानबोळे मात्र भरपूर घ्यायचे. ते कुठे वापरायचे ते पुढे येतंच.

पहिला दिवस, गुरुवार : मिनियापोलिस

शहरात बुधवारीच पोचलेलं बरं. विमानाच्या केबिनमध्ये तासन्तास ८० डेसिबलच्या आसपास घरघर असते. त्याने कान काही काळ बधिर होतात आणि पूर्ववत व्हायला काही तासांपासून एक दिवस लागू शकतो. उतरल्या उतरल्या या खोलीत गेलं तर तिथे जे ऐकायचं त्यातला निम्मा भाग ऐकूच येणार नाही.

खोली ऑर्फील्ड लॅबोरेटरीज या ध्वनी-प्रयोगशाळेत आहे. २०२१ साली तिथे उणे २४.९ डेसिबल (ए) इतकी पातळी मोजली गेली आणि गिनेसच्या नोंदीत तो विक्रम आहे. उणे डेसिबल म्हणजे आवाज शून्याहून कमी झाला असं नव्हे. शून्य डेसिबल ही २० मायक्रोपास्कल दाबाची ठरवून घेतलेली खूण आहे. तरुण, निरोगी कानाला मधल्या पट्टीतला स्वर जेमतेम ऐकू यावा एवढा तो दाब. १० डेसिबल खाली उतरलं की ध्वनीची ऊर्जा दहाव्या हिश्श्यावर येते. उणे २५ म्हणजे त्या खुणेच्या सुमारे ३०० पट कमी ऊर्जा. 'ए' ही अक्षरखूण सांगते की कानाला कमी ऐकू येणाऱ्या खर्जाच्या स्वरांना मापात कमी वजन दिलंय. सिएटलजवळ रेडमंडला मायक्रोसॉफ्टचीही अशीच खोली आहे, २०१५ साली तिने सुमारे उणे २० नोंदवले. ती वाटेवर असूनही या फेरीत नाही, कारण ती कंपनीच्या कामाची जागा आहे, सर्वांसाठी खुली नसते. ऑर्फील्डमध्ये आगाऊ वेळ ठरवून आणि शुल्क भरून जाता येतं. बरेच आठवडे आधी लिहावं.

आत गेल्यावर भिंती, छत आणि पायाखालचा खड्डा, सगळीकडे काचतंतूच्या पाचरी दिसतात, सुमारे मीटरभर खोल. चालायला पाचरींच्या वर ताणलेली तारांची जाळी असते. पाचरीची खोली उगाच ठरलेली नाही. साधारण जेवढी पाचरीची लांबी, त्याच्या चौपट तरंगलांबीपर्यंतचा आवाज ती गिळते. मीटरभर पाचर म्हणजे चार मीटरची लहर, म्हणजे ८५ हर्ट्झच्या आसपास. त्याहून खर्ज आवाज, रस्त्यावरच्या ट्रकची धडधड वगैरे, अडवायचं काम पाचरींचं नव्हे. ते जाड काँक्रीट आणि दुहेरी पोलादी भिंतींचं.

जाण्याआधी दोन तास हलकं खावं. रिकामं पोट गुरगुरतं आणि भरलेलं त्याहून जास्त. कॉफी टाळावी, नाडी जोरात चालते. आत खुर्चीवरच बसायचं, उभं राहायचा हट्ट नको. तोल सांभाळताना शरीर भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजाचाही नकळत आधार घेतं. तो आधार गेला आणि दिवाही मालवला की पाय डळमळतात. दार लागताच कानात दडे बसल्यासारखं वाटतं. हवेचा दाब बदललेला नसतो, फक्त आवाज नाहीसा झालेला असतो. जांभई देऊन ते जात नाही, चार-पाच मिनिटांत आपोआप विसरायला होतं.

मग क्रमाने शरीर ऐकू येऊ लागतं: आधी श्वास, नंतर लाळ गिळण्याचा आवाज, मानेच्या मणक्यांची करकर, कानशिलातली नाडी. बहुतेकांना शेवटी एक बारीक, उंच शिट्टी किंवा सळसळ ऐकू येते. तिला घाबरायचं कारण नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकणं उत्तम असलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं, त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. बाहेरून काहीच येत नसताना श्रवणयंत्रणा स्वतःचीच कुजबुज ऐकते. या खोलीत पाऊण तासाहून जास्त कुणी टिकत नाही, माणूस वेडा होतो, ही मात्र निव्वळ दंतकथा. पहिल्या खेपेला वीस ते तीस मिनिटं पुरतात.

बाहेर आल्यावर लगेच वहीत लिहायचं: शिट्टी कोणत्या कानात, किती उंच, सतत की थांबून थांबून, नाडी कुठे ऐकू आली. हे टिपण सातव्या-आठव्या दिवशी लागणार आहे. ज्वालामुखीच्या खोऱ्यात दूर कुठेतरी यंत्र चालू आहे असं वाटतं तेव्हा ते यंत्र आहे की आपलाच कान, याचा निकाल या नोंदीवरूनच लागतो. खोली फेरीच्या सुरुवातीला ठेवण्याचं खरं कारण हेच.

दुसरा दिवस, शुक्रवार : सिएटलहून फोर्क्स

सकाळच्या विमानाने सुमारे चार तासांत सिएटल. घड्याळ दोन तास मागे जातं, त्यामुळे दिवस हातात राहतो. विमानात चढण्याआधीच कानबोळे घालायचे आणि उतरेपर्यंत काढायचे नाहीत. बोळा नीट बसण्यासाठी तो बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर-मागे ओढायची, बोळा सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. बोळ्याचं टोक कानाबाहेर लोंबत असेल तर तो बसलेला नाही.

सिएटलच्या धक्क्यावरून बेनब्रिज बेटाची फेरीबोट ३५ मिनिटांची, पुढे पोर्ट अँजेलिसमार्गे फोर्क्स. बोटीसकट चार तास धरावेत. पोर्ट अँजेलिसला ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाच्या वन्यक्षेत्र माहिती केंद्रातून अस्वलाला उघडता न येणारा अन्नाचा डबा घ्यायचा. रात्रीच्या तंबूचा परवाना रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावरून आधीच काढलेला हवा. माणशी, दर रात्री आठ डॉलर आणि वर आरक्षणाचे सहा. गॅसची डबी विमानात चालत नाही, तीही इथेच विकत घ्यावी. रात्री लवकर झोपावं.

तिसरा दिवस, शनिवार : होह

फोर्क्सपासून होहचं अभ्यागत केंद्र सुमारे ३१ मैल, म्हणजे ५० किलोमीटर. शेवटचे १८ मैल अप्पर होह रोडचे. हा रस्ता नदीच्या कडेकडेने जातो आणि नदी त्याला अधूनमधून खाते. डिसेंबर २०२४ च्या पुरात तो तुटला होता, मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या पानावर रस्त्याची स्थिती बघायलाच हवी, कारण दुसरी वाट नाही. ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क गाडीमागे ३० डॉलर, सात दिवसांसाठी. वाहनतळ लहान आहे. तो भरला की एक गाडी बाहेर आल्यावर एक आत सोडतात, आणि शनिवारी ही रांग तासाभराची होऊ शकते. सकाळी सातच्या आत फाटकातून जावं.

शनिवारी गर्दी असते हे ठाऊक असूनही शनिवारच का, याचं कारण आकाशात आहे. व्हिडबी बेटावरच्या नौदल तळाची ग्राउलर ही लष्करी विमानं या भागावर, म्हणजे ऑलिंपिक द्वीपकल्पावर, सराव करतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथे ध्वनिमुद्रक ठेवून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ऐकू आलेल्या विमानांपैकी ८८ टक्के लष्करी होती आणि बरीचशी उड्डाणं सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातली. जमिनीवरची गर्दी पहिल्या मैलातच मागे पडते, हे गडगडणं मात्र कितीही चाललं तरी डोक्यावर राहतं. तेव्हा माणसं सोसायची आणि विमानं चुकवायची.

होह नदीची वाट पुढे थेट हिमनदीपर्यंत, सतरा मैलांहून लांब जाते. आपल्याला त्यातले फक्त ३.२ मैल, साधारण पाच किलोमीटर चालायचं आहे. चढ नावापुरता, तीसेक मीटरचा. सिटका स्प्रूस आणि हेमलॉकचे बुंधे, मेपलच्या फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ, खाली पाय बुडेल असा मऊ पाचोळा. हे शेवाळ आणि पाचोळा उंच स्वरांचे आवाज शोषतात, म्हणूनच वीस पावलांवर बोलणाऱ्यांचे शब्द विरघळून नुसता सूर उरतो. वाटेत डावी-उजवी करत नदी जवळ येते, दूर जाते. नदीजवळ थांबून शांतता शोधण्यात अर्थ नाही. पाण्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा पसरलेला असतो आणि बारीकसारीक सगळं झाकून टाकतो. उन्हाच्या दिवसांत माउंट ऑलिंपसवरचा बर्फ वितळून पाणी वाढलं की तो आणखी वाढतो.

माउंट टॉम क्रीकचं कुरण मागे टाकल्यावर डाव्या हाताकडे एक स्प्रूस दिसतो. मुळांच्या खांबांवर उभा असलेला, खाली माणूस जाईल एवढी कमान. पडलेल्या ओंडक्यावर बी रुजतं, मुळं ओंडक्याला कवटाळून जमिनीत उतरतात, पुढे ओंडका कुजून जातो आणि मुळांची कमान तेवढी उरते. त्या कमानीतून शंभरेक पावलांची ओलसर पायवाट आत जाते. शेवटी शेवाळलेल्या ओंडक्यावर एक छोटा लाल दगड ठेवलेला आहे. ध्वनिपर्यावरणाचे अभ्यासक गॉर्डन हेम्प्टन यांनी २२ एप्रिल २००५ रोजी, वसुंधरा दिनी, तो तिथे ठेवला. क्विल्यूट जमातीच्या एका ज्येष्ठाने दिलेला तो दगड. 'शांततेचा एक चौरस इंच' असं त्या जागेचं नाव. कल्पना साधी आहे. आवाज मैलोन्मैल पसरतो, तसा एक इंच जरी यंत्रांच्या आवाजापासून मुक्त ठेवायचा म्हटला तरी भोवतालचे कित्येक मैल आपोआप मोकळे ठेवावे लागतात. हेम्प्टन यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या क्वाएट पार्क्स इंटरनॅशनल या संस्थेने २०१९ मध्ये इक्वाडोरमधल्या झाबालो नदीचा परिसर पहिलं शांत वन्यक्षेत्र म्हणून जाहीर केला. हा दगड त्या सगळ्याचं मूळ आहे, आणि मला या फेरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते.

फाट्यावर पाटी नाही. जागेचे निर्देशांक ४७ अंश ५१.९५९ मिनिटं उत्तर, १२३ अंश ५२.२२१ मिनिटं पश्चिम. इथे हमखास चूक होते ती अशी: हे आकडे अंश आणि दशांश मिनिटांतले आहेत. ॲपमध्ये ४७.५१९५९ असं दशांश अंश म्हणून भरलं तर खूण दक्षिणेला जवळजवळ ४० किलोमीटरवर जाऊन पडते. दाट झाडीत जीपीएस दहा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे शेवटी भरवसा त्या कमानीवरच ठेवायचा. पायवाट सोडून शेवाळ तुडवत शोधत फिरू नये. तुडवलेलं शेवाळ लवकर भरून येत नाही.

दगडापाशी पोचल्यावर पिशवी उतरवायची, जाडसर लोकरी आसन टाकायचं आणि पहिली वीस मिनिटं काहीच मोजायचं नाही. पाच किलोमीटर चालून नाडी चढलेली असते, आणि आपल्या येण्याने गप्प झालेलं रान पुन्हा बोलायला तेवढा वेळ घेतं. मग वहीत चार रकाने: वेळ, आवाज कशाचा, कोणत्या दिशेने, किती सेकंद. माणसाच्या कुठल्याही यंत्राचा आवाज आला की स्टॉपवॉच थांबवून शून्यावर आणायचं. दोन यंत्र-आवाजांमधला मोकळा काळ हेच इथलं खरं माप. हेम्प्टन यांच्या मते दिवसा सलग पंधरा मिनिटं असा मोकळा काळ मिळेल अशा जागा अख्ख्या अमेरिकेत डझनभरही उरलेल्या नाहीत. डेसिबल इथे दुय्यम आहेत. मेपलचं पान पडलं, खारीने शंकू टाकला, रेन पक्षी चिवचिवला, तरी शांतता मोडत नाही.

प्रवासी विमान ओळखताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहा-अकरा किलोमीटरवरून आवाज खाली यायला तीसेक सेकंद लागतात, तेवढ्यात विमान सात-आठ किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. आवाजाच्या दिशेला बघितलं तर आकाश रिकामंच दिसतं आणि नवखा माणूस तो आवाज वाऱ्याचा किंवा नदीचा म्हणून लिहून टाकतो. वाऱ्याचा आवाज झाडांमधून सरकत येतो, विमानाचा सगळीकडून एकदम भरत जातो आणि दोन-तीन मिनिटांत उतरतो.

रात्रीचा तंबू माउंट टॉम क्रीकला. अन्न, कचरा, टूथपेस्ट, सगळं डब्यात. डबा तंबूपासून लांब.

चौथा दिवस, रविवार : पहाटेचा एल्क

उजाडण्याआधी तासभर उठायचं. सप्टेंबरच्या मध्यात सूर्योदय सातच्या सुमाराला होतो, म्हणून पावणेसहाला दगडापाशी असावं. डोक्यावरचा दिवा लाल प्रकाशावर. वारा या वेळेला सगळ्यात कमी असतो, वाटेवर माणूस नसतो, आणि रविवार असल्याने सरावाची विमानं बहुधा नसतात. पंधरा मिनिटांची मोकळी सलग वेळ मिळायची असेल तर ती आत्ताच.

याच वेळेला एल्क नर बोलतो. एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून खालच्या हुंकाराने सुरू होऊन चिरत वर जाणारी शिट्टी निघते, हे पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही. ती शिट्टी संपल्यावर तिचा माग झाडांमधून किती वेळ रेंगाळतो ते ऐकावं. आवाजाला दूर जाऊन परत यायला इथे मोकळीक आहे. पार्श्वभूमी शांत असली की कानाचा आवाका किती वाढतो, ते तेव्हा कळतं. माजावरचा नर अंगावर येऊ शकतो, उद्यानाचा नियम ५० यार्ड अंतराचा आहे. आवाज जवळ येत असेल तर जाड बुंध्यामागे सरकावं.

मुद्रण करायचं असेल तर फोनवर वेळ घालवू नये. फोनच्या माइकची स्वतःचीच खरखर ३० डेसिबलच्या आसपास असते आणि आवाज नसला की फोन आपणहून ती वाढवतो. दहा डेसिबलच्या आतली स्वखरखर असलेला माइक, त्यावर केसाळ वारारोधक आणि लहान तिपाई हवी. यंत्र सुरू करून माणसाने वीस-तीस मीटर लांब जाऊन बसायचं, नाहीतर मुद्रणात श्वासच ऐकू येतो. दव पडल्याने माइक चरचरू लागला तर समजावं की ओल आत गेली. कोरड्या कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डबीत ठेवून दिला की बहुतेक वेळा सुधारतो.

नऊच्या सुमाराला परत फिरायचं. समोरून माणसं येऊ लागलेली असतात. डबा परत करत संध्याकाळपर्यंत सिएटल.

पाचवा दिवस, सोमवार : कहुलुई

सहा तासांचं विमान, तीन तास मागे गेलेलं घड्याळ, पुन्हा कानबोळे. माउईवर उतरल्यावर गॅसची डबी, तीन दिवसांचं अन्न आणि पेट्रोल इथेच घ्यायचं. हालेआकाला उद्यानात अन्नही मिळत नाही आणि पेट्रोलही. मुक्काम किनाऱ्यावर.

सहावा दिवस, मंगळवार : हॉस्मर ग्रोव्ह

कहुलुई ते शिखर दीड तासाचा रस्ता, समुद्रसपाटीपासून थेट १०,०२३ फूट, म्हणजे ३,०५५ मीटर. एवढं एका दमात चढून लगेच खोऱ्यात उतरणं धोक्याचं आहेच, पण ऐकण्याच्या दृष्टीनेही वाया जातं. विरळ हवेत हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो आणि ज्या शांततेसाठी आलो तिच्यात आपलेच ठोके भरतात. म्हणून एक रात्र हॉस्मर ग्रोव्हच्या तळावर, साधारण सात हजार फुटांवर काढायची. इथली झाडं बाहेरून आणून लावलेली आहेत. त्यांत वारा घुमतो, त्यामुळे इथे शांततेची अपेक्षा ठेवू नये. आपण फक्त शरीर रुळवायला थांबलोय.

उद्यानाचं शुल्क गाडीमागे ३० डॉलर, तीन दिवसांसाठी. खोऱ्यातल्या मुक्कामाचं आरक्षण आधी केलेलं असतं; दुपारी मुख्यालयात परवाना घेऊन माहितीपट पाहावा लागतो. खोऱ्यात होलुआ, कापालाओआ आणि पालिकू अशी तीन लाकडी घरं आहेत. तंबू फक्त होलुआ आणि पालिकूला लावता येतो.

संध्याकाळी सूर्यास्त बघणाऱ्यांच्या गाड्या उतरून जाऊ द्यायच्या आणि तासाभराने शिखराजवळच्या कड्यावर थांबायचं. समुद्रावरून उआउ नावाचे पक्षी बिळांकडे परततात, तेही अंधारातच. नाव त्यांच्या हाकेवरूनच पडलंय. 'उऽआऽउ' अशी लांबट हाक, मध्येच कुत्र्याच्या पिलासारखं केकाटणं. ऑक्टोबरपर्यंत ते इथे असतात. दिवा त्यांच्याकडे रोखू नये, उजेडाने ते दिशा चुकतात.

सातवा दिवस, बुधवार : खोऱ्यात उतरताना

पहाटे तीन ते सातच्या दरम्यान शिखराकडे जायला सूर्योदयाचं वेगळं आरक्षण लागतं आणि तेव्हाच गाड्यांची सगळ्यात मोठी रांग असते. ही वेळ सोडून द्यावी. सातनंतर गाडी हालेमाउउ वाटेच्या तोंडाशी, ७,९९० फुटांवर उभी करायची आणि समोरच्या ठरवून दिलेल्या थांब्यावर उभं राहून शिखराकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. म्हणजे उद्या वर आल्यावर गाडी हाताशी असेल.

उतरण स्लायडिंग सँड्सच्या वाटेने, ९,७४० फुटांवरून. ३.९ मैलांत सुमारे २,५०० फूट खाली. पायाखाली ज्वालामुखीची भुसभुशीत राख आणि खडी, बुटात शिरते, म्हणून घोट्यावर गुंडाळी हवी. माणशी चार लिटर पाणी सोबत घ्यावं, वाटेत थेंबही मिळत नाही. होलुआला पाणी आहे, पण ते उकळून किंवा गाळून घ्यावं लागतं. ऊन जाणवत नाही आणि जाळून काढतं. परत वर याच वाटेने यायचं ठरवलं तर उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ धरायचा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

उतरता उतरता एकेक आवाज गळून पडतो, तो क्रम टिपण्यासारखा आहे. आधी वाहनतळावरची दारं, मग माणसांची बोलणी, मग कड्यावरचा वारा. तळाशी जे उरतं त्याची मोजमापं उद्यानाने केलेली आहेत: आवाजाची पातळी दहा डेसिबलच्या आसपास, माणसाच्या ऐकण्याच्या उंबरठ्याला टेकलेली. कारणं अनेक आणि एकमेकांना धरून आहेत. हालवायला पानं नाहीत, वाहायला पाणी नाही, कीटक जवळजवळ नाहीत. राखेची सच्छिद्र जमीन आवाज परत फेकत नाही, शोषून घेते. सात मैल लांब, दोन मैल रुंद, शेकडो मीटर उंच भिंतींचं हे भांडं रस्ता आणि समुद्र दोघांनाही अडवतं. ढगही बऱ्याचदा खालच्या थरातच अडकून राहतात.

तरीही दिवसा इथे शांतता टिकेलच असं नाही. सहलीची हेलिकॉप्टरं आसपास फिरतात आणि दुपारी वारा उठतो. कानावरून वाहणारा वारा स्वतःच आवाज तयार करतो. मान थोडी थोडी फिरवत सगळ्यात कमी खळखळ होणारी दिशा शोधायची. मऊ लोकरी टोपी कानांवर ओढली तर ती वाऱ्याची खळखळ बरीच कमी करते. डोंगरशंकूंच्या मध्ये, झुडपांपासून लांब, वाटेवरच बसून अर्धा तास ऐकावं. आडवं पडून ऐकायचं ते उद्या पहाटे.

वाटेच्या सुरुवातीपासून होलुआ सुमारे साडेसात मैलांवर. तिथे झुडपं आहेत, नेने नावाचे रानहंस हळू कुजबुजत फिरतात. त्यांना खायला घालायचं नाही. स्टोव्ह अंधार पडण्याआधी विझवलेला बरा, त्याच्या भुरभुरीने कान मंदावतात.

आठवा दिवस, गुरुवार : चार ते सहा

पहाटे साडेतीनला उठून खोऱ्याच्या आतल्या बाजूला, मैलभर परत, आहिनाहिना नावाच्या रुपेरी पात्यांच्या झाडांभोवतीच्या फेरीपर्यंत जायचं. वाटेवरून पाय बाहेर टाकायचा नाही. या झाडांची मुळं राखेत उथळ पसरलेली असतात आणि एका पावलाने दबून मरतात. थंडी शून्याच्या जवळ जाऊ शकते, म्हणून सगळे कपडे आधीच घालून घ्यावेत. बसल्यावर जाकीट चढवलं की पाच मिनिटांची शांतता गेली.

चार ते सहा हे या फेरीतले सगळ्यात शांत दोन तास. थंड हवा तळाशी साचलेली असते, वारा पडलेला असतो, हेलिकॉप्टर नसतात. मात्र साचलेली थंड हवा आवाजाला खाली वाकवते, त्यामुळे खोऱ्यातच कुणी तंबूची चेन ओढली तरी ती लांबवर ऐकू येते. सोबत कुणी असेल तर दोघांनी निदान शंभर पावलं अंतर ठेवून बसावं आणि उठायची वेळ आधी ठरवून घ्यावी, म्हणजे हाक मारावी लागत नाही.

पाठीवर पडून ऐकावं. कुशीवर वळलं की खालच्या कानात नाडी भरते. अर्ध्या तासानंतर एक बारीक सूर येऊ लागला तर पहिल्या दिवसाचं टिपण आठवायचं. डोकं हळूहळू नव्वद अंश फिरवायचं. सूर डोक्याबरोबर फिरला तर तो आपला, जागच्या जागी राहिला तर बाहेरचा. तो सूर ओळखून बाजूला ठेवला की त्याच्या पलीकडे जे आहे ते ऐकू येतं: राखेचा एखादा खडा थंडीने आकसून सरकतो, आणि बराच वेळ काहीही नसतं. फोनचं मापक ॲप या क्षणी तीस डेसिबल दाखवत असेल. तो आकडा फोनचा आहे, खोऱ्याचा नव्हे.

उजाडलं की कड्यावरच्या गाड्यांचे बारीक आवाज सुरू होतात. होलुआला परतून, ६,९४० फुटांवरून वाट आधी थोडी उतरते आणि मग वळणावळणाने कडा चढते, ३.७ मैलांना तीन तास धरावेत. वाहनतळावर पोचल्यावर वही तिथेच, दगडावर बसून पुरी करायची. इंजिन सुरू करायचं ते त्यानंतर, आणि कानबोळे आधी घालून.